जात्यावर बसलं की ओवी सुचतेच कशी?

एक लाखाहून अधिक ओव्या, त्या गाणाऱ्या तीन हजारांवर बायका आणि हजाराहून जास्त गावं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980च्या दशकात पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांतून जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. काम पुढे महाराष्ट्रभर पसरत गेलं आणि ओव्यांचा आकडा एवढा झाला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रितही झाल्या, आणि आता हा सारा संग्रह ‘पारी’ या संस्थेकडे आहे. पण आकड्याने थक्क होण्याआधी एक गोष्ट मनात आणा. या ओव्या कुठल्या वहीतून उतरवलेल्या नव्हत्या. पोथी नव्हती, पाठांतराचा वर्ग नव्हता, परीक्षा तर नव्हतीच. गाणाऱ्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. सगळा ऐवज डोक्यात होता, आणि तिथून तो पाहिजे तेव्हा बाहेर येत होता.

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं पासली हे याच डोंगराळ मुलखातलं गाव. तालुका वेल्हे, म्हणजे आताचा राजगड. जवळच तोरणा, पुढे मढे घाट, आणि पावसाळ्यात ढग असे खाली येतात की समोरचा डोंगरच नाहीसा होतो. भात आणि नाचणी ही इथली पिकं. पिठाची गिरणी गावोगाव पोचण्याआधी अशा गावांतल्या बाईचा दिवस अंधारातच सुरू व्हायचा. घरची माणसं उठण्याआधी दिवसभराचं पीठ पडायला हवं. मांडी घालून बसायचं, एका हाताने खुंटा फिरवायचा, दुसऱ्याने जात्याच्या तोंडात दाण्यांचा घास सोडायचा, आणि गळ्यातून ओवी सुरू. चालीला या बायका ‘गळा’च म्हणतात.

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण ‘काम सुरू केलं की जमतं’ अशा अर्थाने वापरतो. पण ही म्हण शब्दशः घेऊन पाहा. जात्यावरून उठवून बाईला अंगणात बसवलं आणि म्हटलं, “मावशी, ओव्या सांगा की,” तर ती दोन-चार सांगेल आणि अडखळेल. खुंट्याला हात लागला की माळ सुरू. म्हणजे स्मरण एकट्या डोक्यात नव्हतं. त्याचं एक टोक दगडाला बांधलेलं होतं.

हे दुसरं टोक काय असतं, ते दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी भलत्याच ठिकाणी शोधलं. डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली यांनी 1975मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर 18 पाणबुड्यांना 36 शब्दांच्या याद्या ऐकवल्या, काही काठावर, काही पाण्याखाली. मग आठवायला सांगितलं, कधी ऐकलं त्याच ठिकाणी, कधी दुसऱ्या. काठावर ऐकून काठावरच आठवणाऱ्यांना सरासरी 13-14 शब्द आले, पाण्यात ऐकून पाण्यातच आठवणाऱ्यांना अकराच्या वर. जागा बदलली की दोन्हीकडे आकडा साडेआठच्या आसपास घसरला. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांचा लाडका झाला. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की 2021मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा हा फरक दिसला नाही. इतर अनेक प्रयोग एकत्र मांडले तर परिसराचा परिणाम दिसतो, पण बेताचाच.

मला त्यात विरोध वाटत नाही. पाणी ही नुसती जागा आहे. जातं जागेपेक्षा बरंच काही आहे: हाताची गती, दगडाची घरघर, पहाटेची वेळ, समोर खुंट्याला हात लावून बसलेली जाऊ. एवढ्या सगळ्या खुणा रोज एकदम मिळत असतील तर ओवी सुचली नाही तरच नवल.

आता ओवीच्या आत शिरू, कारण खरी करामत तिथे आहे. जात्यावरची ओवी बहुतेक दोन ओळींची. शेवटी यमक. विषय ठरलेले: माहेर, भाऊ, लेक, सीता, पंढरी, पाऊस. सुरुवातीला पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला असा मोजणीचा क्रम असतो, आणि तो क्रमच पुढची ओवी ओढून आणतो. गाताना ओळीचा तुकडा परत म्हणायचा रिवाज आहे. ऐकणाऱ्याला तो गोडवा वाटतो. गाणारीला तेवढ्यात पुढची ओळ शोधायला दोन श्वास मिळतात.

यातलं यमक काय कामाचं, याचं उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि वांडा वॉलेस यांनी 1989मध्ये दिलं, आणि ते वाचून मी चाट पडलो होतो. त्यांनी लोकांना शब्द ओळखायला सांगितले. नुसता अर्थाचा इशारा दिला तर अपेक्षित शब्द शेकड्याला 14 वेळा आला. नुसता यमकाचा दिला तर 19 वेळा. दोन्ही एकत्र दिले तर 97 वेळा. चौदा आणि एकोणीस मिळून तेहेतीस व्हायला हवेत, तर झाले सत्त्याण्णव! मराठीत करून बघा. ‘आमटी वाढायची वस्तू’ म्हटलं तर डाव, चमचा, ओगराळं, पळी, काहीही येईल. ‘कळी’शी जुळणारा शब्द म्हटलं तर नळी, फळी, खळी, गळी. आता आमटी वाढायची वस्तू, आणि ‘कळी’शी जुळणारी? पळीशिवाय दुसरं काही शिल्लकच राहत नाही.

ओवी नेमकी हेच करते. विषय माहेरचा आहे, ओळ अमुक इतक्या मात्रांत बसायची आहे, शेवट अमुक अक्षराने व्हायचा आहे, आणि जातं तर थांबत नाही. एवढी बंधनं असली की चुकीचे शब्द आपोआप बाहेर फेकले जातात आणि बरोबर शब्द समोर उभा राहतो. बंधनांनी स्मरण अवघड होईल असं आपल्याला वाटतं. होतं उलट.

आपल्याकडे पाठांतराची दुसरीही एक परंपरा आहे, आणि तिचा जास्त गवगवा झाला: वेदपठण. ती ओवीच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे, कारण तिथे एक स्वरही हलायचा नाही. म्हणून तिथली युक्ती वेगळी. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा, असे शब्द पुढे-मागे विणत न्यायचे. एखादा शब्द निसटला तर वीणच उसवते आणि चूक तिथल्या तिथे कळते. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या 21 वैदिक पंडितांच्या मेंदूंची चित्रं काढून 2016मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूतल्या भाषा, दृष्टी आणि स्मृतीशी निगडित काही भागांत करडा थर इतरांपेक्षा जास्त आढळला. पाठांतराने मेंदू घडला की तसा मेंदू असणारेच पाठशाळेत टिकले, हे त्यातून ठरत नाही.

जाता जाता मनात येतं ते लिहितो. एकाला घनपाठी ही पदवी मिळाली, शाल मिळाली, मेंदूचं चित्रही निघालं. जात्यावर बसलेल्या बाईला पदवी नाही, आणि तिच्या मेंदूची तपासणी कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. तिचं पाठांतर कमी प्रतीचं होतं असं मला मुळीच वाटत नाही. ती जुनी ओवी सांभाळत होती, आणि त्याच साच्यात आपल्या सासूबद्दलची नवी ओवीही ओतत होती. ती सासूच्या देखत म्हणता यायची, हा आणखी एक फायदा.

पण एवढ्याने कोडं सुटत नाही. साचा कितीही उत्तम असला तरी तो न वापरता टिकत नाही. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउसने स्वतःवरच वर्षानुवर्षं प्रयोग केले, निरर्थक अक्षरं पाठ करून आणि विसरून, आणि 1885मध्ये त्याचं पुस्तक काढलं. पाठ केलेलं पहिल्या तासाभरात झपाट्याने गळतं, दिवसभरात आणखी थोडं, आणि नंतर गळतीचा वेग मंदावतो. 2015मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला आणि त्याचा तो प्रसिद्ध उतार जवळपास तसाच निघाला. म्हणजे विसरणं हा तुमचा-माझा दोष नाही, तो नियम आहे. या नियमावर उपायही त्यानेच नोंदवला: एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने केलेली उजळणी कमी कष्टात जास्त टिकते.

जात्यावरची बाई रोज पहाटे काय करत होती? उजळणी. पण कशी, ते महत्त्वाचं आहे. तिच्यासमोर वाचायला काहीच नव्हतं. तिला दर वेळी ओवी आतून काढावी लागत होती.

वाचणं आणि आतून काढणं यांतला फरक हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006मध्ये फार स्पष्ट दाखवला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे: 81 टक्के, तर दुसरे 75. आठवड्याने घेतली तर चित्र पालटलं. पुन्हा वाचणाऱ्यांकडे 42 टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांकडे 56. याच प्रयोगमालेत विद्यार्थ्यांना विचारलं की तुम्हाला किती लक्षात राहील, तर सर्वात जास्त वेळा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास सर्वात मोठा होता. रात्रभर पुस्तक चाळणाऱ्या आणि सकाळी पेपर कोरा पाहून हबकणाऱ्या प्रत्येक मुलाची गोष्ट या दोन वाक्यांत आली. पान डोळ्यांना ओळखीचं वाटतं, आणि ओळख म्हणजे आठवण असं आपण समजून बसतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण घरातली पद्धत तीच होती. दिवेलागणीला परवचा म्हणायची, पुस्तक न बघता. पाढ्यांत तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांचीही रांग असायची. साडेतीनाचा पाढा चालीवर म्हणणारी मुलं आज सांगूनही खरी वाटणार नाहीत. चाल, रोजची वेळ, एकमेकांचं ऐकणं, चुकलं की तिथेच टोकणं: जात्यावरचंच सगळं सामान. देवळातल्या हरिपाठाचंही तेच. तो कुणी पाठ करायला बसत नाही, रोज म्हणता म्हणता होतो.

‘सरावाने स्मरणशक्ती वाढते’ असं आपण सहज म्हणतो. ती खरंच वाढते का? याचा सर्वात मजेदार पुरावा अमेरिकेतल्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. शास्त्रीय लेखांत त्याचा उल्लेख फक्त आद्याक्षरांनी होतो. त्याला एकेक अंक ऐकवायचे आणि तेच क्रमाने म्हणायला सांगायचे. सुरुवातीला तुमच्या-माझ्यासारखे सात अंक जमायचे. वीस महिने, सुमारे 230 तासांच्या सरावानंतर तो 79 अंक म्हणू लागला. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी 1980मध्ये हे प्रसिद्ध केलं. गुपित असं की तो लांब पल्ल्याचा धावपटू होता. 3, 4, 9, 2 ऐकले की तो ते चार अंक धरत नसे. ‘3 मिनिटं 49.2 सेकंद, मैलाच्या जागतिक विक्रमाजवळची वेळ’ अशी एकच गोष्ट धरायचा. मग संशोधकांनी त्याला अंकांऐवजी अक्षरं दिली. एकोणऐंशी अंकांचा हा बहाद्दर सहा अक्षरांवर येऊन थांबला.

स्मरणशक्ती नावाचा एखादा स्नायू असता आणि तो व्यायामाने फुगला असता, तर अक्षरंही वाढायला हवी होती. वाढलं ते अंकांना आपल्या ओळखीच्या जगात बसवण्याचं कसब. ओव्यांची खाण असलेल्या बाईला उद्या दहा मोबाइल नंबर पाठ करायला सांगा, तीही तुमच्या-आमच्याइतकीच चाचपडेल.

ओळखीचं जग आपल्या प्रत्येकाकडे आहे, आणि सर्वात पक्कं जग म्हणजे पायाखालची वाट. प्राचीन ग्रीक आणि रोमन वक्ते लांबलचक भाषणं याच वाटेने लक्षात ठेवत. ओळखीच्या ठिकाणांच्या क्रमाने एकेक गोष्ट ठेवून द्यायची, मग मनात तीच वाट चालत एकेक उचलायची. करूनच पाहू. यादी अशी: विजेचं बिल, डोळ्यांचे थेंब, भाताचं बियाणं, छत्रीची दुरुस्ती, मावशीला फोन, लग्नाच्या आहेराची साडी, गॅसचा नंबर लावणं.

आता पुण्याहून पासलीला निघा. कात्रजच्या नव्या बोगद्यात सगळे दिवे गेलेत आणि काळोखात वायरमन बिल फडकवत उभा आहे. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर पैसे घेत नाहीत, प्रत्येक ड्रायव्हरची मान मागे करून डोळ्यांत दोन थेंब टाकतात आणि मगच गाडी सोडतात. चेलाडी फाट्याला वळावं तर रस्ताभर भाताच्या बियाण्याचे ढीग, चाकं रुतलीत. मार्गासनीत मोडक्या काड्यांची एक छत्री एसटीला हात करते आहे. विंझरला मावशी रस्त्याच्या मधोमध खुर्ची टाकून फोन कानाला लावून बसली आहे, हॉर्न वाजवला तरी हलत नाही. वेल्ह्यात मान वर केली तर अख्ख्या तोरण्याला कुणीतरी पैठणी नेसवली आहे, पदर झुंजार माचीवर. आणि पासलीत शिरताना लाल सिलिंडर गडगडत समोरून येतो.

चित्रं वेडगळ असायलाच हवीत. साधा सिलिंडर साध्या रस्त्यावर मन ठेवून घेत नाही. आणि ही वाट ओळखीची नसेल तर आपल्या घरापासून एसटी स्टँडपर्यंतची घ्या, तीही तेवढीच कामाची.

हा पोरखेळ वाटत असेल तर मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी 2017मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. स्मरणस्पर्धांशी काही संबंध नसलेल्या साध्या माणसांना त्यांनी रोज अर्धा तास, 40 दिवस, हीच पद्धत शिकवली. आधी 72 शब्दांपैकी त्यांना सुमारे 26 आठवत होते. सहा आठवड्यांनी 62. प्रशिक्षण थांबून चार महिने झाल्यावरही फायदा बराच टिकून होता. एलिनॉर मॅग्वायर यांनी 2003मध्ये दहा नामांकित स्मरणपटू तपासले. त्यांची बुद्धी असामान्य नव्हती, मेंदूची रचनाही वेगळी नव्हती. दहापैकी नऊजण वाटेचीच युक्ती वापरत होते.

मर्यादाही सांगतो, कारण ‘महिन्याभरात स्मरणशक्ती दुप्पट’ अशा जाहिराती रोज दिसतात. अमेरिकेत 2,832 ज्येष्ठांवर एक मोठी चाचणी झाली. त्यात स्मरणाच्या युक्त्या शिकलेल्यांना सुरुवातीला फायदा झाला, पण दहा वर्षांनंतरच्या तपासणीत तो उरला नव्हता. शिकलेली युक्ती वापरली नाही तर तीही एबिंगहाउसच्या उताराने खाली जाते. आणि घरातलं वडीलधारं माणूस रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागलं, तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा विचारू लागलं, तर त्यांना परवचा म्हणायला बसवू नका. डॉक्टरांकडे न्या.

बाकीच्यांनी वाटेची युक्ती सामानाच्या यादीला, भाषणाच्या मुद्द्यांना, पाहुण्यांच्या नावांना लावावी. तिथे ती भन्नाट चालते. इतिहासाचा धडा, नवी भाषा, गाण्याची बंदिश यांना तिचा फारसा उपयोग नाही. तिथे पुस्तक मिटून आठवणंच हवं. माझं मत विचाराल तर शाळकरी मुलाला एकच गोष्ट शिकवायची झाली तर मी ही दुसरी शिकवेन. धडा एकदा नीट समजून वाचायचा, मिटायचा, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं किंवा घरातल्या कुणाला तरी सांगायचं. चाल लावता आली तर लावावी, सोबतीला भावंड असेल तर उत्तम. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने. अडलं की लगेच पान उघडायचा मोह होतो. मिनिटभर तसंच अडून राहायचं, डोकं खाजवायचं, आणि नाहीच आलं तर पान उघडायचं.